थंड डोक्याचा माणूस : सेमूर क्रे

हॉस्टेलवर कुणाचा नवा पीसी असेंबल झाला की पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न हमखास निघतात. एक म्हणजे, हा किती गिगाहर्ट्झपर्यंत ताणता येईल? आणि दुसरा म्हणजे, बायोसमध्ये मेमरीसमोर ते १६-१८-१८-३८ असे जे आकडे दिसतात, त्यांना हात लावायचा की नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर रूमवर येणाऱ्या प्रत्येकाकडे असतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सगळे चहा प्यायला निघून जातात.

मला त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या गाईडमधून नाही, तर एका माणसाच्या आयुष्यातून समजलं. सेमूर क्रे. आपल्या अभ्यासक्रमात हे नाव व्हेक्टर प्रोसेसरच्या एका परिच्छेदात येतं आणि ५ मार्कांची टीप लिहून संपतं. पण घड्याळाचा वेग वाढवणं म्हणजे नक्की काय, आणि त्याची किंमत कुठे कुठे मोजावी लागते, हे या माणसाने जवळजवळ ४५ वर्षं हाताने केलं. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचं एखादं कुलदैवत असेल, तर ते हेच. फक्त हे दैवत आपल्या भक्तांवर खूश झालं असतं की नाही, याबद्दल मला शंका आहे. ती का, ते पुढे येईलच.

क्रेचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिप्पेवा फॉल्स या लहानशा गावातला. वडील सिव्हिल इंजिनिअर. पोराला यंत्रांचं वेड आहे हे ओळखून घरच्यांनी तळघर त्याच्या हवाली केलं. आपल्याकडच्या मेकॅनोसारख्या खेळाच्या संचातून त्याने वयाच्या दहाव्या वर्षी एक यंत्र बनवलं होतं. कागदी पट्टीवर भोकं पाडून आत घातली की त्यातून मोर्स कोडचे कट्ट-कडकट्ट संदेश निघायचे. दुसऱ्या महायुद्धात तो रेडिओ ऑपरेटर होता, आणि नंतर पॅसिफिकच्या आघाडीवर जपानी सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांच्या मदतीला होता. युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि १९५१ मध्ये उपयोजित गणितात मास्टर्स. तिथून तो सेंट पॉलमधल्या एका कंपनीत लागला. लढाईसाठी लाकडी ग्लायडर बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये ही मंडळी कॉम्प्युटर बनवायची. कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगणारी पुस्तकं तेव्हा जवळजवळ नव्हतीच. एका अर्थी बरंच झालं.

१९५७ मध्ये कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, म्हणजे सीडीसी, ही नवी कंपनी निघाली आणि थोड्याच काळात क्रे तिथे गेला. इथून आपल्या कामाची गोष्ट सुरू होते, कारण या कंपनीकडे पैसे नव्हते. ट्रान्झिस्टर तेव्हा महाग. क्रेने काय केलं, तर कारखान्याच्या चाचणीत न उतरलेले, दुकानात मातीमोल भावात मिळणारे ट्रान्झिस्टर आणले आणि त्यांच्यावर पहिलं प्रायोगिक यंत्र उभं केलं, असं सांगतात. प्रत्येक नग वेगळा वागणार हे धरूनच त्याने सर्किट असं बांधलं, की त्यातला सगळ्यात आळशी ट्रान्झिस्टरही वेळेत काम उरकेल.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर आणले तर एक ४.५ गिगाहर्ट्झला निवांत चालतो आणि दुसरा ४.३ लाच मान टाकतो, हे आपण पाहतो. सिलिकॉनचं नशीब म्हणतो आपण त्याला. कंपनी जो वेग खोक्यावर छापते, तो सगळ्यात कमी नशिबाच्या नगालाही जमेल असा असतो. वर जी जागा उरते ती सुरक्षिततेची, आणि ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती जागा खाणं. क्रे ती जागा कुठे आहे, किती आहे, कशाने कमी होते, हे आधी शोधायचा आणि मग वेग ठरवायचा. आपण आधी वेग ठरवतो आणि मग निळा स्क्रीन बघतो.

या काटकसरीतून आलेला सीडीसी १६०४ हा कॉम्प्युटर १९६० मध्ये अमेरिकन नौदलाच्या शिक्षणसंस्थेत बसला. यातली मेमरी होती फेराइट कोअरची, म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेल्या बारीक चुंबकी कड्या. एका कडीत एक बिट. गंमत अशी, की कडीतला बिट वाचला की तो पुसला जायचा. म्हणजे वाचून झाल्यावर तोच बिट परत लिहायला लागायचा, आणि तोवर मेमरीला दुसरं काही विचारायची सोय नाही. एक फेरी ६.४ मायक्रोसेकंदांची. यावर उपाय म्हणून १६०४ मध्ये मेमरीचे दोन भाग केले होते, सम पत्त्यांचा एक आणि विषम पत्त्यांचा एक. पहिला भाग आपलं परत लिहिण्याचं काम उरकतोय तोवर दुसऱ्याला पुढचं काम सांगायचं. सरासरी फेरी ४.८ मायक्रोसेकंदांवर आली. मेसमध्ये एकच वाढपी असेल तर तो आमटी आणायला आत गेला की सगळी पंगत ताटाकडे बघत बसते. दोन असले की एक आत, एक बाहेर.

आता आपल्या पीसीकडे या. १६ जीबीची एक स्टिक घ्यायची की ८ च्या दोन, हा वाद आपल्याकडे अजून चालतो. दोन स्टिक योग्य खाचांत बसवल्या, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या, की मेमरी ड्युअल चॅनल चालते आणि दोन वाटांनी एकाच वेळी डेटा येतो. तपशील वेगळे आहेत, पण काम दोघांत वाटून देण्याची युक्ती तीच. यात व्होल्टेज वाढवायला लागत नाही, वॉरंटीला धक्का नाही, उष्णता नाही. तरी आमच्या मजल्यावर दोन स्टिक शेजारशेजारच्या खाचांत खोचून वर ओव्हरक्लॉकिंगच्या गप्पा मारणारे महाभाग आहेत. नावं सांगत नाही, जेवायला एकत्र बसायचं असतं.

वाचलं की पुसलं जाणं, हेही जुनं झालेलं नाही. आपल्या डीडीआर मेमरीत बिट असतो तो एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात. वाचताना तो भार सांडतो आणि परत भरावा लागतो. बायोसमधले ते चार आकडे याच भानगडीतून येतात. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांची कपाटं कुलपात आहेत असं समजा. मेमरीतली एक रो म्हणजे एक कपाट. कपाट उघडून तयार व्हायला जो वेळ लागतो तो दुसरा आकडा, टी-आरसीडी. उघड्या कपाटातून मागितलेलं पुस्तक हातात पडायला लागणारा वेळ म्हणजे पहिला आकडा, कॅस लेटन्सी किंवा सीएल. कपाट बंद करून दुसरं उघडण्याच्या तयारीला लागणारा वेळ म्हणजे तिसरा, टी-आरपी. आणि एकदा उघडलेलं कपाट किमान किती वेळ उघडं ठेवायलाच हवं, म्हणजे सांडलेला भार परत भरून होईल, तो चौथा, टी-आरएएस. चौथा आकडा सगळ्यात मोठा का असतो, हे आता वेगळं सांगायला नको.

लक्षात ठेवायची गोष्ट ही, की हे आकडे सेकंद नाहीत, घड्याळाचे ठोके आहेत. डीडीआर४ ची ३२०० वाली मेमरी एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणजे तिचं खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं आणि एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. सीएल १६ असेल तर १६ गुणिले ०.६२५, म्हणजे १० नॅनोसेकंद. सीएल २२ असेल तर १३.७५. दुकानात दोन्ही ३२०० म्हणूनच मिळतात. आता २४०० ची साधी सीएल १७ वाली स्टिक घ्या. एक ठोका ०.८३३ चा, उत्तर येतं साधारण १४.२. म्हणजे २४०० काढून ३२०० सीएल २२ घातली, तर एका वेळी वाहून येणारा डेटा एक तृतीयांशाने वाढला, पण पहिलं अक्षर हातात पडायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. रस्ता रुंद झाला, अंतर तेच राहिलं. क्रेचं सगळं आयुष्य याच अंतराशी भांडण्यात गेलं.

मध्येच एक आपल्याकडची नोंद. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा कॉम्प्युटर आला. हा त्याच १६०४ च्या घराण्यातला. देशभरातले संशोधक आपापले प्रोग्रॅम चालवायला त्याच्या दारात यायचे. म्हणजे क्रेच्या हातचं बियाणं महाराष्ट्रात पोचलं ते असं, कुलाब्याला.

तिकडे १९६२ मध्ये क्रेने कंपनीला सांगून आपली प्रयोगशाळा शहरातून उचलली आणि थेट आपल्या गावी, चिप्पेवा फॉल्सला नेली. मीटिंगा, साहेब आणि फोन यांच्यापासून लांब. तिथे ३०-३५ माणसांच्या तुकडीने सीडीसी ६६०० बनवला. १९६४ मध्ये तो जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर होता, आयबीएमच्या सगळ्यात दांडग्या यंत्रापेक्षा साधारण तिप्पट. घड्याळ होतं १० मेगाहर्ट्झचं. हसू नका, आधीच्या यंत्रांच्या मानाने ही झेप प्रचंड होती. एक ठोका १०० नॅनोसेकंदांचा आणि मेमरीची एक फेरी १००० नॅनोसेकंदांची. म्हणजे प्रोसेसर मेमरीपेक्षा दहापट पुढे! क्रेने मेमरीचे दोनाचे ३२ भाग केले आणि कामं त्यांच्यात फिरवत ठेवली.

दुसरी अडचण आपल्या जास्त ओळखीची. ४ लाखांच्या आसपास ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवून बसवले, कारण तार लांब झाली की वेळ जातो. चिकटवले की तापतात. हवेचे पंखे पुरेनात. मग डीन राउश नावाच्या रेफ्रिजरेशनच्या इंजिनिअरला सोबत घेऊन फ्रिजमध्ये असतो तसा फ्रेऑन वायू नळ्यांतून सर्किटच्या शेजारून फिरवला. इथून पुढे क्रेच्या प्रत्येक यंत्रात निम्मं डोकं प्लंबिंगला गेलं, आणि त्याला त्याचा कमीपणा कधी वाटला नाही.

सोलापुरात राहणाऱ्याला हे पटकन पटेल. हीटसिंक कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. डिसेंबरच्या रात्री खोली १५-१६ अंशांवर असते. एप्रिल-मे मध्ये दुपारी ती ४० च्या पुढे जाते, वर स्लॅबची खोली असेल तर विचारूच नका. म्हणजे डिसेंबरात जे सेटिंग गुमान चालतं, त्याच्या पायाखालची २५ अंशांची जागा मे महिन्यात निघून जाते. त्यात उष्णतेचं गणित सरळ नसतं. ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के चढवलं, तर उष्णता वाढते ३३ टक्के. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या कुणाचं सेटिंग जसंच्या तसं इथे उतरवण्यात अर्थ नाही, तो या हिशेबामुळे.

६६०० नंतर १९६९ मध्ये ७६०० आला, त्याचं घड्याळ ३६ मेगाहर्ट्झच्या वर. पुढचा ८६०० मात्र फसला. इतके सुटे भाग, इतके सांधे, की कुठलातरी एक सतत बिघडलेलाच. कंपनीकडे पैसेही उरले नव्हते. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडला आणि त्याने स्वतःची कंपनी काढली, क्रे रिसर्च. आणि १९७६ मध्ये अणुसंशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पहिला क्रे-१ जाऊन उभा राहिला.

क्रे-१ चा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. वरून इंग्रजी सी अक्षरासारखा गोल मनोरा आणि भोवती गादीचा सोफा. लोकांना तो शोभेचा वाटायचा. सोफ्याखाली पॉवर सप्लाय होते, आणि गोल आकाराचं कारण सौंदर्य नव्हतं, तारा होत्या. घड्याळाचा ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे ८० मेगाहर्ट्झ. प्रकाशसुद्धा एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटरच जातो, तारेतला सिग्नल त्याहून कमी. म्हणून नियम असा, की यंत्रातली कुठलीही तार ४ फुटांपेक्षा लांब नको. गोल आकारात आतल्या बाजूने सगळं एकमेकांच्या जवळ येतं. शिवाय सिग्नल एकाच क्षणी पोचावेत म्हणून तारांची लांबी मोजूनमापून कापलेली. ही जाळी हाताने विणायची होती, आणि ते काम चिप्पेवा फॉल्स परिसरातल्या बायकांनी केलं. आपल्या गावाला हे समजावून सांगायला नको. एक धागा चुकला तर चादरीची नक्षी बिघडते, आणि मागाची गती वाढवली की सगळ्यात कच्चं सूत आधी तुटतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून ओव्हरक्लॉकिंग जितकं चांगलं समजतं तितकं मला बायोससमोर बसून समजलं नाही.

थंडाव्याने इथेही छळलं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत स्टीलच्या नळ्या घालून फ्रेऑन फिरवायचा, तर सांध्यांतून फ्रेऑनबरोबर तेल झिरपायचं आणि बोर्डांवर त्याचा थर बसून शॉर्टसर्किट व्हायचं. जोडणीची नवी पद्धत शोधेपर्यंत चैन नव्हतं. एकूण वजन साडेपाच टन, वीज ११५ किलोवॉट. आणि मेमरी किती? ८ एमबी. पण काय मेमरी! कोअर टाकून देऊन चिपवरची, ५० नॅनोसेकंदांची, १६ भागांत वाटलेली. मेमरीचा एक भाग ४ ठोक्यांत पुढच्या कामाला मोकळा. प्रोसेसरने एखादा आकडा मागितला की ११ ठोक्यांत तो रजिस्टरमध्ये हजर. ११ गुणिले १२.५, म्हणजे साधारण १३८ नॅनोसेकंद.

आता आपल्या पीसीशी ताडून बघा. प्रोसेसरने मागणी केल्यापासून रॅममधून डेटा हातात पडेपर्यंत सगळा प्रवास धरून आजही साधारण ७०-८० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे १९७६ पासून हा वेळ जेमतेम निम्मा झालाय. घड्याळ मात्र ८० मेगाहर्ट्झवरून ४ गिगाहर्ट्झवर, पन्नासपट. ठोक्यांत मोजायचं तर क्रे-१ अकरा ठोके थांबायचा आणि आपला प्रोसेसर ३०० च्या आसपास थांबतो. ही वाट बघणं लपवायला आत कॅश मेमरीचे थर रचलेले असतात, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. कॅशमध्ये न मावणारं काम दिलं की जाणवतं. अशा कामात प्रोसेसर आणखी २०० मेगाहर्ट्झने चढवून काय मिळणार? ३०० च्या जागी ३१५ ठोके वाट बघायची सोय. त्यापेक्षा मेमरीचं सेटिंग तपासलेलं बरं. कित्येक पीसीत ३२०० वाली स्टिक बोर्डाने गुपचूप २१३३ किंवा २४०० वर चालवलेली असते आणि मालकाला दोन वर्षं पत्ता नसतो.

क्रे-१ च्या पहिल्या नगाची एक हकिकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. क्रेला चूक तपासणाऱ्या जादा सर्किटचं प्रेम नव्हतं. त्याने वेळ जातो, असं त्याचं मत. ६६०० च्या मुख्य मेमरीत तर साधी पॅरिटीही नव्हती, म्हणजे एखादा बिट उलटला तर यंत्राला कळायचंही नाही. क्रे-१ च्या पहिल्या नगात पॅरिटी होती, पण चूक दुरुस्त करायची सोय नव्हती. लॉस अलामॉसमध्ये सहा महिन्यांच्या चाचणीत मेमरीच्या १५२ चुका नोंदल्या गेल्या. लॉस अलामॉस समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर आहे. त्या नोंदी बऱ्याच वर्षांनी पुन्हा तपासल्यावर निघालं ते असं, की यातल्या पुष्कळ चुकांमागे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तयार झालेले न्यूट्रॉन होते. कारण तेव्हा माहीत नव्हतं, पण आकडा समोर होता. पुढच्या क्रे-१ मध्ये ६४ बिटांच्या प्रत्येक शब्दाला ८ जादा बिट जोडले गेले. एक बिट चुकला तर यंत्र आपण होऊन सुधारणार, दोन चुकले तर ओरडणार. हे करायला वेळ गेला, पैसे गेले, चिप जास्त लागल्या. सगळ्यात वेगवान यंत्र बनवायला निघालेल्या माणसाला हे पचवणं सोपं नसणार.

आपल्या घरगुती पीसीत हे ८ जादा बिट सहसा नसतात. म्हणूनच सांगतो, ताणलेल्या मेमरीची खरी भीती पीसी बंद पडण्याची नाही. बंद पडला तर निदान कळतं. भीती आहे ती चालू राहण्याची. एक बिट उलटतो, तो प्रोजेक्टच्या फाईलमध्ये जाऊन बसतो, फाईल सेव्ह होते, तिचीच कॉपी पेनड्राइव्हवर जाते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ती उघडत नाही. किंवा उघडते, आणि ग्राफमधला एक बिंदू कुठेतरी भलतीकडे असतो आणि गाईड विचारतात की हे काय. गेम सुरळीत चालतोय म्हणजे मेमरी ठीक, हा पुरावा नव्हे. मी माझ्या पीसीवर आकडे बदलतो ते एका वेळी एकच, आणि मग रात्रभर मेमटेस्ट लावून झोपतो. एक जरी चूक निघाली तरी मागे. दोन नाही, एक. आणि हे एकदा मे महिन्यात, दुपारी, परत.

क्रेच्या पुढच्या यंत्राने वेगळाच धडा दिला. १९८५ च्या क्रे-२ चं घड्याळ ४.१ नॅनोसेकंदांचं, म्हणजे क्रे-१ च्या तिप्पट वेगवान. बोर्ड इतके दाटीवाटीने रचलेले, की शेवटी अख्खं यंत्र फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलं. मेमरी तब्बल २ जीबी! त्या काळात हा आकडा ऐकून लोक दचकायचे. पण एवढी मेमरी परवडावी म्हणून ती स्वस्त आणि संथ डीरॅमची होती. घड्याळ पळालं, मेमरी मागे राहिली, आणि काही प्रकारच्या कामांत क्रे-२ आपल्याच घरच्या धाकट्या, कमी घड्याळाच्या क्रे एक्स-एमपीपेक्षा मागे पडला. ज्या माणसाने १९६० मध्ये सम-विषम करून मेमरी जुळवली, त्याच्याच यंत्रात हे व्हावं!

एक्स-एमपी हे नाव वाचून काहींचे कान टवकारले असतील. बायोसमधल्या एक्सएमपी प्रोफाइलचा याच्याशी काही संबंध नाही, नुसता अक्षरांचा योगायोग. आपलं एक्सएमपी म्हणजे मेमरी बनवणाऱ्याने स्टिकवरच नोंदवून ठेवलेलं जास्त वेगाचं सेटिंग. डीडीआर४ ला त्यासाठी बहुधा १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट लागतात. हे एका क्लिकवर होतं म्हणून ते ओव्हरक्लॉकिंग नाही असं समजू नका. तिकडचा एक्स-एमपी हा १९८२ चा सुपरकॉम्प्युटर, स्टीव्ह चेन या इंजिनिअरने क्रे-१ वरून पुढे नेलेला. आणि आपल्या देशाचा त्याच्याशी फार जवळचा संबंध आहे.

१९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे सुपरकॉम्प्युटर मागितला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवा असलेला मोठा एक्स-एमपी मिळाला नाही. अणुबॉम्बच्या कामाला वापराल, ही धास्ती. बऱ्याच वाटाघाटींनंतर त्यातला लहान नग दिल्लीला, हवामान अंदाजापुरता, अटी घालून मिळाला. याच अनुभवातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. यात क्रेसारखा एक बलदंड प्रोसेसर नव्हता. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर, प्रत्येकाला स्वतःची मेमरी, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. क्रेला ही कल्पना बरीच वर्षं पटत नव्हती. थोडे पण ताकदवान प्रोसेसर, यावर त्याचा विश्वास. आपल्याकडे दुसरा मार्गच नव्हता, आणि नेमका तोच मार्ग पुढे जगाने धरला.

माणूस म्हणून क्रे अबोल, समारंभ टाळणारा. कंपनीचा कारभार दुसऱ्यांवर सोपवून तो कागद-पेन्सिल घेऊन बसायचा. डिझाइन अडलं की घराखाली फावड्याने भुयार खणायला जायचा. तो खणत असताना अडलेल्या प्रश्नांची उत्तरं परीलोकातली बुटकी माणसं येऊन देऊन जातात, असं तो पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगायचा म्हणे. वायवाच्या आदल्या रात्री मी या बुटक्यांची वाट बघतो. सोलापूरपर्यंत येत नसावेत.

क्रे-३ ने मात्र त्याला संपवलं. सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिप, घड्याळ २ नॅनोसेकंदांचं, सगळं आणखी दाट, आणखी लहान. १९८९ मध्ये जुन्या कंपनीपासून वेगळं होऊन त्याने कोलोरॅडो स्प्रिंग्जला नवी कंपनी काढली. १९९३ मध्ये एकच यंत्र एका हवामान संशोधन केंद्रात पोचलं. तोवर शीतयुद्ध संपलं होतं, गिऱ्हाईक आटलं होतं, आणि साध्या बाजारी प्रोसेसरांचे थवे स्वस्तात तेच काम करू लागले होते. मार्च १९९५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. सत्तरीतल्या क्रेने तरीही १९९६ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक कंपनी काढली, आणि या वेळी आखणी होती पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडण्याची. सहा-सात आठवडेच झाले होते. २२ सप्टेंबरला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये महामार्गावर त्याच्या जीपला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबर १९९६ रोजी तो गेला. वय ७१.

त्याचं नाव लावणारी कंपनी पुढे दोन-तीनदा विकली गेली, पण नाव टिकलं. २०१८ च्या जानेवारीत पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, मान्सूनचा अंदाज बांधायला प्रत्युष हा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला. तो होता क्रे एक्ससी४०. या वेळी अमेरिकेकडून नकार आला नाही. कपाटांवर क्रेचं नाव, आत हजारो साधे इंटेल प्रोसेसर, आणि त्यांच्या शेजारी तुमच्या-आमच्या कॅबिनेटात असते त्याच डीडीआर४ जातीची मेमरी. फक्त तिला ते ८ जादा बिट होते.